मदत हवी आहे : ताण दिलेल्या उंदरांचं एमआरआय, भूल कुठली द्यावी?

नमस्कार मंडळी, गोव्यातून विचारतोय. उंदरांना रोज नळीत कोंडून ताण द्यायचा आणि मग प्रीफ्रंटल कॉर्टेक्स (मेंदूच्या पृष्ठभागाचा पुढचा भाग) आणि अमिग्डाला (भीती-भावनांचं केंद्र) यांची जोडणी फंक्शनल एमआरआयवर (रक्तप्रवाहातल्या बदलांवरून मेंदूचं काम दाखवणारं स्कॅन) बघायची, असं काम आहे. सी५७ या प्रयोगशाळेतल्या जातीचे नर, एथिक्स कमिटीची परवानगी झालीय. स्कॅनर मात्र घाटापलीकडच्या लॅबचा, ७ टेस्ला ताकदीच्या चुंबकाचा, तारखा चवथीनंतरच्या. प्रवासाचा ताण वेगळाच, म्हणून सगळे उंदीर आधीच तिकडे नेऊन, रुळू देऊन, मगच ताण सुरू करणार.

पायलटमध्ये (छोट्या पूर्वचाचणीत) नुसतं आयसोफ्लुरेन (हुंगवून द्यायची भूल) वापरलं, पण त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दोन्ही बाजूंच्या कॉर्टेक्सचा ताळमेळच दिसेना. बरेच जण मेडेटोमिडीन (गुंगीचं औषध) आणि सोबत ०.५ टक्के आयसोफ्लुरेन देतात ते माहीत आहे, पण मेडेटोमिडीन अल्फा-२ रिसेप्टरवर काम करतं, म्हणजे लोकस सेरुलियस या मेंदूतल्या केंद्राचं नॉरएड्रेनलिन (सतर्कतेचं रसायन) दाबतं, आणि ताणाने बदलते तीच यंत्रणा, मग आम्ही मोजतोय काय! जागेपणी स्कॅन करावं तर डोकं जखडणं आणि स्कॅनरचा तो दणदणाट हाच ताण, कंट्रोल गटसुद्धा कंट्रोल राहत नाही. मेंदू काढून, रसायनात फिक्स करून पाठवा असं कृपया सुचवू नका, रचना दिसेल पण फंक्शन जाईल.

कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा, मेडेटोमिडीनवर दोन गटांत दिसलेला फरक ताणाचा धरता येतो का? आणि जागेपणीच करायचं तर सवय पुरेशी झाली हे कशावरून ठरवता, कॉर्टिकोस्टेरॉन (ताणाचं हार्मोन) बघून की स्कॅनमधल्या हालचालीवरून?