घरी दिसणारी पाटी पार्कात नको: माझा नियम चुकतोय का?

रानवाट

जुलैत ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्डला चाललोय. सहा डोकी, पाच दिवस. जेवणाची टेबलं 60 दिवस आधीपासून बुक करता येतात, त्यामुळे भांडणाचा मुहूर्त आत्ताच लागलाय. माझा नियम सरळ आहे: ज्या हॉटेलची पाटी आपल्या घराजवळ दिसते, तिथे पार्कात गेल्यावर जेवायचं नाही. भावाने यादीत पहिलंच नाव घातलं रेनफॉरेस्ट कॅफेचं, म्हणजे त्या जंगलासारख्या सजवलेल्या साखळी हॉटेलचं! अ‍ॅनिमल किंगडम पार्कच्या दाराशीच आहे, सोयीचं आहे, सगळं कबूल. पण तोच यांत्रिक गोरिला, तोच मधूनच होणारा गडगडाट आम्ही घराजवळच्या मॉलमध्ये दोन वाढदिवसांना बघितलाय. त्यासाठी विमानाने कशाला जायचं?

मागच्या खेपेला डिस्नेच्याच एपकॉट पार्कात मेक्सिकोच्या दालनात सॅन अँजेल इनला जेवलो होतो. बाहेर भर दुपार, डोळे दिपवणारं ऊन; आत कायमची तिन्हीसांज. टेबलांपलीकडे काळं पाणी, त्यावरून राइडच्या होड्या सरकताहेत, लांब एक पिरॅमिड आणि धुमसणारा ज्वालामुखी. उजेड इतका कमी की मेनू वाचायला फोनची बॅटरी लावली. काय खाल्लं ते आता धड आठवत नाही, पण ती संध्याकाळ आठवते.

तर मंडळी, भावाला काय सांगू?

दोन_पोरांचा_बाप

भावाला सांगा, तुझं बरोबर आहे.

तुमच्या सहा डोक्यांत लहान मुलं किती, ते लिहिलंच नाहीत. माझा धाकटा तीन पदार्थ खातो. मोजून तीन. गेल्या वर्षी एका 'वेगळ्या' ठिकाणी दीड तास बसलो. त्याने पावाचे दोन गोळे खाल्ले, एक टेबलाखाली टाकला आणि बाहेर आल्या आल्या 'भूक लागली' म्हणून गळा काढला. फ्लोरिडात जुलैच्या दुपारी आधी उकडून काढतं, मग वीज-पाऊस. अशा वेळी ओळखीची पाटी दिसली की जीव भांड्यात पडतो. मेनू पाठ, काय येणार ते माहीत, पोरगं गप्प. प्रवासात एक तरी गोष्ट डोकं न लावता व्हायला हवी ना?

तिरकस

रानवाट, तुमच्या नियमाला भोक आहे. डिस्नेच्या हॉलीवूड स्टुडिओज पार्कात सायफाय डाइन-इन नावाचं प्रकरण आहे. अंधारात जुन्या मोटारींसारखी टेबलं, समोर पडद्यावर जुन्या विज्ञानपटांचे तुकडे. पाटी कुठेच दिसत नाही, म्हणजे तुमच्या नियमात पास. मेनू उघडा: बर्गर आणि मिल्कशेक. म्हणजे तुम्ही जेवण निवडताय की खुर्ची?

रानवाट

@तिरकस, खुर्चीच! त्यात लाजण्यासारखं काय आहे? बर्गर घरी मिळतो, मोटारीत बसून अंधारात मिळत नाही.

@बाप, मुलं दोन आहेत, सात आणि अकरा वर्षांची. अकरावाली सगळं खाते. सातवाला तुमच्या धाकट्याचा चुलतभाऊ शोभेल.

मीठ_कमी

मला या 'वेगळं खा' प्रकाराचाच कंटाळा येतो. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, एका दुपारी सगळी पायाखालून जातात. हे देश नव्हेत, देशांचे देखावे आहेत. जेवणही तसंच: कोणाच्याच जिभेला झोंबणार नाही असं. तिथे बसून 'आम्ही काहीतरी नवं चाखलं' म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. त्यापेक्षा साखळी हॉटेल प्रामाणिक, ते निदान परदेशी असल्याचा आव आणत नाही.

चारदा_जाऊन_आलेली

मीठ_कमी, देखावा आहे हे कोण नाकारतंय? पण सरसकट मोडीत काढू नका. सॅन अँजेल इनचं मूळ हॉटेल मेक्सिको सिटीत आहे. फ्रान्सच्या दालनातलं शेफ्स द फ्रान्स उभं केलं पॉल बोक्यूझ, रॉजर व्हर्जे आणि गॅस्तों लनोत्र या नामवंत फ्रेंच शेफनी. त्या तिघांना फ्रान्समध्ये तरी देखावा कोणी म्हणणार नाही. जर्मनीच्या बीअरगार्टनमध्ये लांबलचक टेबलं असतात, शेजारी अनोळखी कुटुंब आणून बसवतात आणि मधेच बँड सुरू होतो. आमच्या शेजारचे आजोबा ओळखपाळख नसताना माझ्या मुलाला टाळ्यांचा ठेका शिकवत होते. हे साखळी हॉटेलात घडत नाही.

आता रानवाट, तुमच्यासाठी एक पेच. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या मुक्कामाच्या हॉटेलात, किडानी व्हिलेज भागात, सना नावाचं रेस्टॉरंट आहे. आफ्रिकी जेवण, त्यात भारतीय वळणाचे मसाले. लोक तिथे मुख्यतः नान आणि चटण्यांच्या ताटासाठी जातात. नान तर आपल्या ओळखीचा! मग तुमच्या नियमाने सना बाद?

तिरकस

अडकल्या.

रानवाट

अडकले नाही हो. नियम पाटीचा आहे, चवीचा नाही. सनाच्या खिडकीबाहेर काय असतं ते सांगा की.

चारदा_जाऊन_आलेली

गवताळ रान. जिराफ, झेब्रे. आम्ही गेलो तेव्हा नान तोडता तोडता मान वर केली, तर जिराफ काचेपासून फार लांब नव्हता, झाडाला लावलेला पाला ओढून खात होता. दोघांचीही जेवणं एकदमच चालली होती. खिडकीजवळचं टेबल मात्र हमखास मिळेलच असं नाही, आणि अंधार पडल्यावर काही दिसत नाही. दुपारचं घ्या.

सुईदोरा

सगळे मजेचं बोलताहेत, म्हणून जरा वेगळं. सासरे इन्सुलिनवर आहेत. त्यांच्यासाठी जेवण नवं की जुनं हा प्रश्नच नसतो. ते कधी येणार आणि त्यात काय असणार, एवढंच बघावं लागतं. टेबल बुक असलं तरी बाहेर थोडं थांबवतात, मग ऑर्डर, मग वाट. त्यामुळे दुपारी आम्ही ठरलेल्या काउंटरवर, अ‍ॅपवरून आधी ऑर्डर देऊन, ठरलेल्या वेळेला. बाहेरचं खाणं पार्कात नेता येतं, म्हणून पिशवीत डबाही. हौस संध्याकाळी, तीही दोनदाच. नियम करताना घरातल्या सर्वात अडचणीच्या माणसाला धरून करावा, असं मला वाटतं.

दोन_पोरांचा_बाप

सुईदोरा, अगदी. आणि आधीच खूप टेबलं बुक करून ठेवणाऱ्यांनो, हेही लक्षात असू द्या: न कळवता गेलाच नाहीत तर बऱ्याच ठिकाणी डोई 10 डॉलर कापतात. सहा जणांचे 60. पोरं दमून झोपली की 'वेगळेपण' असं महागात पडतं.

तरी एक कबुली देतो, रानवाट. हॉलीवूड स्टुडिओजमध्येच फिफ्टीज प्राइम टाइम कॅफे आहे. 1950 च्या दशकातलं स्वयंपाकघर, आणि वाढणारी बाई घरातल्या मावशीसारखी वागते. बायकोच्या आग्रहाने गेलो. मी टेबलावर कोपर टेकवलं, तर तिने सगळ्यांसमोर झापलं. मग धाकट्याच्या ताटाकडे वळून, 'भाजी संपल्याशिवाय उठायचं नाही.' त्याने फरसबीच्या चार शेंगा खाल्ल्या! आमच्या घरात हे आजतागायत झालेलं नाही. जेवण म्हणाल तर मीटलोफ (खिम्याची भाजलेली वडी), तळलेलं चिकन. अगदी साधं.

मीठ_कमी

म्हणजे परक्या बाईने दम दिला म्हणून खाल्लं. हा मुद्दा मला मान्य आहे, बाकीचे नाहीत.

रानवाट

बरं, घरात वाटाघाटी झाल्या. दुपारी सगळे दिवस काउंटर, सातवाल्याला त्याचं हवं ते. टेबलं फक्त तीन: सना दुपारचं, प्राइम टाइम (भाजीसाठी!) आणि शेवटच्या दिवशी सायफाय. गोरिला बाद. भाऊ अजून धुसफुसतोय. सायफायला सहा जण एका मोटारीत मावतात का?

तिरकस

दोन-दोनच्या तीन रांगांची मोटार मिळाली तर मावतात. पण सगळ्यांची तोंडं पडद्याकडे. मागच्याला पुढच्याची मान दिसते. जेवताना गप्पा होणार नाहीत, आधीच सांगतो.

रानवाट

मग भावाला पुढच्या रांगेत बसवते.