नेक्स्टक्लाउडचा डेटाबेस एसक्यूलाइटवरून हलवायचाय, मारियाडीबी घेऊ की पोस्टग्रेस?

सर्व्हर_माळ्यावर
नमस्कार मंडळी, सांगलीत आमचं आर्किटेक्टचं छोटं ऑफिस आहे, आठ माणसं. दीड वर्षापूर्वी एका जुन्या डेस्कटॉपवर (८ जीबी रॅम, डेबियन १२ लिनक्स) नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फायली ठेवायची-शेअर करायची सिस्टीम) टाकलं, तेव्हा डेटाबेस कुठला ते बघितलंच नाही, समोर येईल ते ओके ओके करत गेलो आणि तो निघाला एसक्यूलाइट. दोघं-तिघं वापरत होतो तोवर काही कळलं नाही पण आता सगळ्यांच्या पीसीवर सिंक क्लायंट आहे आणि सकाळी दहाला सगळे एकदम मशीन चालू करतात, की लॉगमध्ये 'डेटाबेस इज लॉक्ड'ची रांग लागते, ड्रॉइंग अर्धवट लटकतात आणि मला हाका सुरू. सगळं पुसून परत टाकावं लागेल का? शेअर लिंका गिऱ्हाइकांकडे गेल्यात, त्या मेल्या तर साहेब मला सोडणार नाहीत. आणि डेटा फोल्डरमधली ओनक्लाउड डॉट डीबी म्हणजेच डेटाबेस ना? नाव असं का?

जुना_अ‍ॅडमिन
पुसू नका काहीच. तीच फाइल. नेक्स्टक्लाउड २०१६ला ओनक्लाउडमधून फुटून निघालं, नाव जुनंच राहिलं. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, बाकीचे दारात उभे, म्हणून तुमचा दहाचा गोंधळ. ड्रॉइंगच्या फायली डेटाबेसमध्ये नसतातच, त्या फोल्डरमध्येच असतात, डेटाबेसच्या फाइलकॅश टेबलात फक्त नाव, पाथ, साइज असलं.
ओसीसीमध्ये (नेक्स्टक्लाउडचं कमांड लाइन टूल) 'डीबी कन्व्हर्ट टाइप' कमांड आहे, ती सगळी टेबलं नव्या डेटाबेसमध्ये ओतते आणि कॉन्फिग फाइलही स्वतःच बदलते. शेअर लिंकांचे टोकन (लिंकमधला ओळखकोड) टेबलातच असतात त्यामुळे लिंका जिवंत राहतात. 'ऑल अ‍ॅप्स' हा ऑप्शन विसरू नका, नाहीतर बंद केलेल्या अ‍ॅप्सची टेबलं मागे राहतात. आणि आधी मेंटेनन्स मोड (तोवर कोणालाच वापरता येत नाही) लावून ती डीबी फाइल आणि कॉन्फिग दोन्हीची कॉपी वेगळ्या डिस्कवर. वेगळ्या म्हणजे वेगळ्याच.

सायली_टर्मिनल
मी मारियाडीबी म्हणेन, अडलं तर उत्तर कुठेही सापडतं. फक्त दोन गोष्टी बघा. ट्रान्झॅक्शन आयसोलेशन (एकाच वेळी लिहिणाऱ्यांना एकमेकांचे बदल कधी दिसावेत याचं सेटिंग) 'रीड कमिटेड' करा, मारियाडीबीचं डिफॉल्ट 'रिपीटेबल रीड' असतं आणि लोड आला की ते नेक्स्टक्लाउडला चालत नाही. दुसरं म्हणजे कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४च हवा, नुसता यूटीएफ८ नको. यात आपण मराठी लोक हमखास फसतो, कारण देवनागरी अक्षर ३ बाइटचं, ते जुन्या यूटीएफ८मध्येही नीट बसतं, आपल्याला वाटतं झालं काम, मग कोणीतरी फोल्डरच्या नावात इमोजी टाकतं (४ बाइट) आणि सिंक आपटतं. मोडी लिपीसुद्धा ४ बाइटमध्ये जाते, म्हणजे कोणाला मोडीत फाइलनेम द्यायची हौस असेल तर 😄

पोस्टग्रेसप्रेमी
सायलीताई, तुम्ही सांगितलेल्या दोन्ही कटकटी पोस्टग्रेसमध्ये नाहीतच 🙂 तिथे 'रीड कमिटेड' आधीच डिफॉल्ट, यूटीएफ८ म्हणजे पूर्ण यूटीएफ८. दादा, शेअर्ड बफर्स (डेटाबेससाठी राखलेली मेमरी) तेवढं बघा, डिफॉल्ट १२८ एमबी असतं, ८ जीबीच्या मशीनवर २ जीबी द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा, नुसत्या रीलोडने ते लागू होत नाही. पण खरं सांगू, आठ माणसांना दोन्हीतला फरक कळणारही नाही. फरक पडेल तो रेडिसने (मेमरीतच चालणारा झटपट डेटा स्टोअर). आत्ता फाइल लॉकिंग (एक जण फाइल वापरत असताना इतरांना थांबवणं) पण डेटाबेसमध्येच चाललंय, प्रत्येक फाइलमागे तिथे लिहिणं-पुसणं, ते रेडिसवर टाका म्हणजे डेटाबेसच्या डोक्यावरचं अर्धं ओझं जातं.

सर्व्हर_माळ्यावर
रविवारी बसलो, पोस्टग्रेस टाकलं. सुरुवातीलाच 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक'. युजर केला, डेटाबेस केला, ग्रँट ऑल (सगळे हक्क) पण दिलं, तरी तेच! तासभर गेला राव.

पोस्टग्रेसप्रेमी
अरे हो, सांगायला हवं होतं. डेबियन १२वर पोस्टग्रेस १५ येतं आणि १५पासून पब्लिक स्कीमात (डेटाबेसमधला टेबलांचा नेहमीचा कप्पा) टेबल करायची मुभा सगळ्यांना नसते, जुने लेख वाचून केलं की इथेच अडकतं. डेटाबेसवर ग्रँट ऑल दिलं तरी स्कीमावर हक्क मिळत नाही. सरळ डेटाबेसचा ओनरच नेक्स्टक्लाउडचा युजर करून टाका.

सर्व्हर_माळ्यावर
ओनर बदलला आणि कन्व्हर्टची गाडी सुटली. फाइलकॅशवर बराच वेळ रेंगाळली, मला वाटलं हँग झालं, दोनदा कंट्रोल सी दाबायला हात गेला होता पण चहा करून आलो तोवर पुढे सरकली होती. मग 'अ‍ॅड मिसिंग इंडायसेस' (डेटाबेसच्या राहिलेल्या शोधसूच्या जोडणारी कमांड) चालवली, लॉकिंग रेडिसवर टाकलं. आज सोमवार, सव्वादहा वाजलेत, कोणी हाक मारली नाही. जुनी डीबी फाइल कधी उडवू?

जुना_अ‍ॅडमिन
महिनाभर हातही लावू नका तिला. ४ जीबी असली तरी राहू द्या. आणि पोस्टग्रेसचा रोजचा डंप (बॅकअप) क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा) लावलात का ते आधी सांगा.

सर्व्हर_माळ्यावर
...लावतो.