दाराच्या पट्टीचे कोपरे उघडतात

रत्नागिरीत चिऱ्याची भिंत, सागवानी चौकट. गिलाव्याची भेग झाकायला लाकडी पट्टी मारली. ४५ अंशांत कापूनही कोपरे आतून उघडले. का?

— पावसाळ्यात मारली असणार. फुगलेलं लाकूड नंतर रुंदीत आकसतं, फट आतल्या टोकाला पडते. पट्टी महिनाभर घरात ठेवा, उन्हाळ्याआधी मारा. पाठीलाही पॉलिशचा हात हवाच.

— आधी चौकटीला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावा. कोपरा ९१ अंशांचा असेल तर काप पट्टीच्या कडेपासून साडेपंचेचाळीसचा. चौकटीची ५ मिमी कड उघडी सोडा. गिलावा पुढे आला असेल तर तो तासा, नाहीतर पट्टी डुलते.

— खाऱ्या हवेत साधे खिळे गंजून डाग उठतात. स्टेनलेसचेच घ्या, ३०० मिमी अंतरावर. सांध्यात फेव्हिकॉल. खाली लादीपासून ३ मिमी सोडा, पुसण्याचं पाणी चढतं.