‘कॅन्सर स्टेम सेल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (सात रस्ता, सोलापूर)
बार्शीला कॅन्सरच्या उपचारासाठी जाणाऱ्या पेशंटच्या घरच्यांसाठी आमचं मंडळ माहितीपत्रक काढतंय. त्यात वाक्य आहे: ‘डॉक्सीसायक्लिन हे जुनं अँटिबायोटिक कॅन्सरच्या स्टेम सेलवर चालतं का, याचं संशोधन सुरू आहे.’ दहावीच्या पुस्तकात स्टेम सेलला ‘मूलपेशी’ आहे. पण वाचून दाखवल्यावर एका काकूंनी विचारलं, ‘लहान मुलांच्या पेशी का?’ दुसरा शब्द सुचतो का?

उत्तर (विज्ञान शिक्षिका, जुळे सोलापूर)
दादा, मूलपेशीच ठेवा. इथलं ‘मूल’ म्हणजे मूळ, लेकरू नव्हे. फक्त ‘कॅन्सर जिथून सुरू झाला ती पहिली पेशी’ असाही अर्थ निघू देऊ नका. गाठीतल्या काही मोजक्या पेशी स्वतःसारख्या नव्या पेशी घडवतात आणि गाठ पुन्हा उभी करू शकतात, त्या ह्या. 1994 मध्ये टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने रक्ताच्या कॅन्सरमध्ये अशा पेशी दाखवल्या. काकूंना सांगा, हरळी वरून खुरपली तरी जमिनीत काशा राहिल्या की ती परत फुटते.

मला जास्त काळजी ‘अँटिबायोटिक’ची वाटते. ‘प्रतिजैविक’ लिहिलंत तरी तेच. अँटिबायोटिक म्हटलं की जंतू आले, जंतू आले की लागण आली, आणि मग घरात पेशंटचं ताट-तांब्या वेगळं होतं. हे मी पाहिलंय, फार वाईट वाटतं. म्हणून कारण लिहाच. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, फार पूर्वीच्या जिवाणूंपासून आल्या. त्यांची प्रथिनं बनवायची यंत्रणा अजून जिवाणूंसारखीच आहे. डॉक्सीसायक्लिन जिवाणूंची ती यंत्रणा अडवतं, तशी थोडीफार तंतुकणिकांचीही अडवतं. कॅन्सरच्या बऱ्याच मूलपेशी ऊर्जेसाठी तंतुकणिकांवर अवलंबून असतात, म्हणून हा प्रयोग. ह्यात लागणीचा काही संबंध नाही.

उत्तर (मेडिकल दुकान, नवी पेठ)
ताईंचं पटलं. मी ‘चालतं’ हा शब्द काढायला सांगेन. काउंटरवर ‘चालतं’ म्हणजे ‘गुण येतो’. लोक मोबाइलवरची बातमी पुढे करून थेट स्ट्रिप मागतात. 2018 मध्ये इटलीतल्या पिसाच्या अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरच्या 9 बायकांना ऑपरेशनआधी 14 दिवस रोज 200 मिलिग्रॅम गोळी दिली. आठ जणींच्या गाठीत मूलपेशींची एक खूण कमी झाली, एवढंच. आयुष्य वाढलं का, हे तो अभ्यास सांगत नाही. तेव्हा ‘तपासून पाहत आहेत’ असं लिहा.

प्रश्नकर्ता
आता असं केलंय: ‘डॉक्सीसायक्लिन हे जुनं अँटिबायोटिक कॅन्सरच्या मूलपेशींवर तपासून पाहत आहेत. कॅन्सरची लागण होत नाही. ही गोळी मनाने सुरू करू नये, डॉक्टरांना विचारावं.’ पूर्व भागासाठी तेलुगूतही छापतोय. तिकडे ‘मूलकणालु’ म्हणतात, त्यामुळे ‘मूल’ दोन्हीकडे राहील. काकूंना उद्या परत वाचून दाखवतो.