एकट्या राहणाऱ्या आईसाठी घरात आधी कोणते बदल करावेत?

प्रश्न :
माझी आई ७८ वर्षांची असून तिला स्वतःच्याच घरात राहायचे आहे आणि तिच्या या इच्छेचा मान राखावा, असे मला मनापासून वाटते. तिचे गुडघे दुखतात आणि रात्री लघवीसाठी उठावे लागते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ :
न्हाणीघरापासून करावी. ओल्या फरशीवर तोल गेला की माणूस हाताला येईल ते धरतो, आणि टॉवेलची दांडी शरीराचा भार पेलण्यासाठी बनवलेलीच नसल्यामुळे ती भिंतीतून उखडून येते. म्हणून कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी, जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर, भक्कम भिंतीत स्क्रूने बसवलेले आधारदांडे लावावेत. नुसत्या चिकटवलेल्या दांड्यांवर विसंबू नये. शक्य असल्यास दार बाहेर उघडणारे करावे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाला अडते.

उत्तर २ :
सहमत. पलंगापासून शौचालयापर्यंत हालचालीने आपोआप लागणारे मंद दिवे लावावेत आणि वाटेतली सैल पायपुसणी काढावीत. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांमुळे उठताना चक्कर येऊ शकते, त्यामुळे सर्व औषधे डॉक्टरांना एकदा दाखवावीत. हे मला दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे वाटते.

उत्तर ३ :
दांडे बसवण्यापूर्वी आईंना तेथे उठून-बसून दाखवायला सांगावे आणि त्यांचा हात आपसूक जेथे जाईल, तेथेच खूण करावी.