मदत हवी आहे: आबांना खरंच आधी कळलं होतं का? आणि आता मायला काय सांगू?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा अमळनेर तालुक्यातला, नोकरीमुळे पुण्यात. जानेवारीत माझे वडील, आबा, अचानक गेले. वय 63. दोन प्रश्न आहेत, त्यातला दुसरा तातडीचा आहे. पण पहिलं सांगितल्याशिवाय दुसरं कळणार नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

कापसाची शेवटची वेचणी चालू होती. त्या दोन-तीन दिवसांत गाठोडं उचललं की आबांची डावी दाढ दुखायची, बसलं की थांबायची. माय म्हणाली, तालुक्याला जाऊन दाढ काढून टाका एकदाची. आठ वर्षांपासून साखर होती, गोळ्या नियमित घ्यायचे. छातीत दुखतंय असं शेवटपर्यंत एकदाही म्हणाले नाहीत.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला म्हशीचं दूध काढायला गेले आणि अर्धी बादली तशीच ठेवून ओट्यावर येऊन बसले. थंडी अशी, की माय शेकोटीजवळून उठत नव्हती, आणि यांची बंडी घामाने चिंब. मायला जवळ बोलावून सांगितलं, व्यापाऱ्याकडे कापसाचे किती बाकी आहेत ते डायरीत मागच्या पानावर लिहिलंय. हातातलं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. मग मला फोन लावायला सांगितला.

"मना जीव घाबरी ऱ्हायना बेटा. आते मी जास."

आता मी जातो. शेतात निघतानाही आबा हेच म्हणायचे. मी अर्धवट झोपेत होतो. म्हणालो, "आबा, रात्रीची शेवभाजी बाधली असेल, ओवा खा आणि पडून राहा." 40 सेकंदांचा फोन. अजून मोबाइलमध्ये दिसतो, पुसवत नाही.

जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गॅसचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. ईसीजी काढलाच नाही. पावणेनऊला त्याच ओट्यावर गेले.

पहिला प्रश्न हा. दारावर येणारा प्रत्येक जण म्हणत होता, पुण्यवान माणूस, त्याला आपला दिवस कळला. मायनेही तेच धरलंय. घड्याळ दिलं, हिशेब सांगितला, पोराशी बोलले, म्हणजे सगळं उमजून गेले, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि सांगताना तिचा चेहरा जरा शांत होतो. मला मात्र ते ऐकवत नाही. त्यांना मरण दिसलं होतं, की शरीरात काहीतरी बिघडतंय हे ते आम्हाला सांगत होते आणि आम्ही ऐकलं नाही? जाणकारांनी खरं काय ते सांगा. माझं मन राखू नका.

दुसरा प्रश्न. तीन आठवड्यांपासून रात्री दोन-अडीचला माय दचकून उठते. धाप लागते, हातपाय गार पडतात. हे मला चुलत बहिणीकडून कळलं, माय चकार शब्द बोलली नव्हती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यास्ले कळी गयं, तसं माले बी कळी ऱ्हायनं." वय 58, बीपीची गोळी चालू आहे. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणते, अखाजी (अक्षय तृतीया) होऊ दे, त्यांच्या नावाची पहिली घागर भरू दे, मग बघू.

आबांचं खरं सांगितलं तर तिचा आधार जाईल. नाही सांगितलं तर ती अशीच गप्प बसून राहील. काय करू?

प्रतिसाद: तापीकाठचा डॉक्टर

आधी दुसरं. अखाजीची वाट बघू नका. उद्याच्या उद्या ईसीजी, बीपी, साखर. जोडीदार गेल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात मागे राहिलेल्याच्या हृदयाला धोका वाढतो, हे मोठ्या पाहण्यांमधून दिसलेलं आहे. मायला होतंय ते घाबरण्याचे झटकेही असू शकतात आणि दुःखात ते खूप जणांना येतात. "मी आता मरणार" ही भावना त्यातही हुबेहूब तशीच असते. घरी बसून फरक ओळखता येत नाही, मलाही येणार नाही. पन्नाशी उलटलेल्या, बीपी असलेल्या बाईला पहिल्यांदाच असं होत असेल, तर आधी हृदय तपासायचं, मनाचं नंतर. आणि एक ईसीजी चांगला आला म्हणून सुटलो असं समजायचं नाही. त्रास चालू असताना नेलं तर काही तासांच्या अंतराने ईसीजी परत काढतात, ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणीही परत करतात.

आता आबांबद्दल. खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो. "मी जातोय" असं ठामपणे वाटणं हे वैद्यकात नोंदलेलं लक्षण आहे, त्याला लॅटिन नाव आहे, अँगॉर अ‍ॅनिमी. हृदयविकाराच्या झटक्यात ते येतं, फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली तर येतं, गांधीलमाशी चावून तीव्र अ‍ॅलर्जी झाली तरी येतं. चुकीच्या गटाचं रक्त चढू लागलं तर पेशंट ताप-थंडीच्याही आधी कधीकधी "मला काहीतरी होतंय, मी मरतो" म्हणतो. म्हणून वॉर्डात शिकवतात, असं म्हणाला की रक्त लगेच थांबवा, वाद घालू नका. रक्ताभिसरण कोलमडायला लागलं की शरीर ताणाची रसायनं एकदम सोडतं. घाम फुटतो, अंग गार पडतं, आणि माणसाला आतून धोक्याची जाणीव होते.

गाठोडं उचललं की दाढ दुखणं आणि बसलं की थांबणं, हे बहुधा हृदयाचंच होतं. हृदयाची कळ जबड्यात, खांद्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात येऊ शकते. साखर असलेल्यांना छातीत दुखेलच असं नाही.

वाचले असते का, हे इथून कोणी सांगू शकत नाही. असं अचानक जाणं बऱ्याचदा हृदयाची लय बिघडून होतं, आणि तेव्हा विजेचा झटका काही मिनिटांत मिळावा लागतो. वेळेत पोचलेले पुष्कळ वाचतात, पोचूनही काही जातात. पुढच्यासाठी एवढं लक्षात ठेवा: असं झालं की 108, पेशंटला चालवायचं नाही, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल तर 300 मिलिग्रॅम चावून खायला द्यायची. शुद्ध हरपून श्वास थांबला तर छातीच्या मधोमध जोरात दाबायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. आणि तुम्ही स्वतः कोलेस्टेरॉल, साखर, बीपी तपासून घ्या. वडिलांचा इतिहास आता तुमच्याही केसपेपरवर लिहिला जाणार.

प्रतिसाद: भुसावळकरीण

भाऊ, डॉक्टरांनी वैद्यकीचं सांगितलंच. मी फक्त मायपुरतं बोलते, कारण माझे सासरे असेच गेले आणि सासूबाई दोन वर्षं तेच धरून होत्या. "त्यांना कळलं होतं" हे तिच्याकडून काढून घेऊ नका. कशाला घ्यायचं? कळलं होतंच की. त्याच्यापुढे एवढंच जोडा: कळलं म्हणून तर त्यांनी तुला हाक मारली, मला फोन लावायला सांगितला. आबा गप्प बसले नव्हते, माय. मग तू का बसतेस?

आणि हे फोनवर नको. गावाला जा, तिच्याजवळ बसून बोला.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. त्याच रात्री निघालो, सकाळी घरी पोचलो. ताईंनी सांगितलं तसंच, जवळजवळ त्याच शब्दांत बोललो. माय बराच वेळ घड्याळाची किल्ली फिरवत बसली. मग म्हणाली, "त्यांनी दोनदा हाक मारली होती. पहिल्या हाकेला मी शेकोटीजवळूनच ओ दिली, उठले नाही." हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी माझा 40 सेकंदांचा फोन सांगितला. तिला ते माहीत होतं, ती शेजारीच तर बसली होती.

दुपारी धुळ्याला नेलं. ईसीजी ठीक आला. बीपी 170 च्या वर, आणि साखर वाढलेली निघाली, जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती.

परवा पहाटे पावणेतीनला माझ्या खोलीचं दार वाजलं. माय उभी होती. "घाबरी ऱ्हायनं. तुले सांगस." 108 बोलावली, रात्रभर ठेवून घेतलं. ट्रोपोनिन दोन्ही वेळा नॉर्मल. झोपेचं आणि घाबरण्याचं औषध सुरू केलंय, इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, पुढच्या सोमवारी बोलावलंय.

डॉक्टरसाहेब, सोमवार चालेल, की आधी जाऊ? अखाजी तोवर होऊन जाईल. घागर मात्र तिला जड उचलू देणार नाही, मीच भरतो.