बारीक खुणा म्हणजे अचूकता नव्हे

स्क्रू गेज म्हणजे तारेची जाडी वगैरे मोजायचं स्क्रूचं उपकरण; कारखान्यात त्यालाच मायक्रोमीटर म्हणतात. ‘त्याचं लघुत्तम माप (वाचता येणारं सर्वांत लहान माप) 0.01 मिमी, म्हणजे चूकही तेवढीच’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) उभा राहिलो तेव्हा आधी हेच शिकलो. जबडे मिटल्यावरही 0.03 दिसत असेल, तर प्रत्येक माप 0.03 ने जास्त येणार. दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी ती चूक जात नाही, वजाच करावी लागते. सरासरीनं फक्त हाताच्या दाबातला कमीजास्तपणा आटोक्यात येतो, आणि त्यासाठी तर मागे रॅचेट (दाब पुरेसा झाला की टकटक करत सुटणारी मूठ) असतो.

ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला 100 मिमीचा पोलादी जॉब (घडवायचा तुकडा) मायक्रोमीटरपेक्षा 20 अंशांनी गरम असेल, तर सुमारे 0.02 मिमी जास्त भरतो. (मापांसाठी 20 अंश सेल्सिअस प्रमाण धरतात ते याचसाठी.) थंड होऊ द्या, मगच मोजा.

आपल्याकडच्या पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांना एवढं जरूर सांगा: 0.5 मिमीच्या तारेत 0.01 ची चूक म्हणजे 2 टक्के. रोधकता (तारेचा धातू विजेला किती अडवतो ते) काढताना व्यासाचा वर्ग येतो, तिथं ती 4 टक्के होते. तारेच्या मीटरभर लांबीला साधी पट्टी चालते. व्यास मात्र तीन-चार ठिकाणी, आडवा-उभा दोन्ही घ्या.